पुंता रोहा म्हणजे आपलं घर

सॅन फ्रान्सिस्को
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय ओदेत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत टाकशील अशी भीती आहे. म्हणून आधीच सांगतो: कुणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही, आणि घरातला वाटाही मागत नाहीये. काम साधं आहे.

मी इथं कॉलेजात शिकवतो हे तुला ठाऊक आहे. शनिवारी आणखी एक उद्योग करतो, तो बहुधा ठाऊक नसेल. पंधरा-वीस माणसं घेऊन नॉर्थ बीचच्या गल्ल्यांतून हिंडतो. पन्नासच्या दशकातल्या त्या भटक्या बीट लेखकांनी कादंबऱ्यांमधून नावं बदलून जी ठिकाणं लिहिली, ती खरी कुठली, ते दाखवतो. कादंबरीत जो दारूचा गुत्ता आहे तिथं आता कपडे धुण्याचं दुकान आहे, नायक ज्या जिन्यावर बसून रडला तो जिना हा, असं. लोकांना हे फार आवडतं. पायऱ्यांवर बसून फोटो काढून घेतात. आता त्याचं पुस्तक करतोय, नकाशांसकट.

त्यात किनाऱ्यावरच्या जुन्या घरांवर एक प्रकरण आहे. टोरो कोव्हचं आपलं घर त्यात घ्यावं असं मनात आहे. फाटकावरची देवमाशाच्या जबड्याची कमान अजून उभी आहे का? कड्यात कोरलेल्या पायऱ्या? खाली होडी बांधायचा खांब? आणि एक विचारायचं होतं. १९५१च्या मे महिन्यात, चर्चच्या पेंटेकोस्टच्या उत्सवाच्या सुमाराला, वाटेत गाड्या थांबवत फिरणारी दोन तरुण मुलं आपल्याकडे आल्याचं तुला आठवतं का? मी तेव्हा सहा वर्षांचा, त्यातून सान लियांद्रोला मावशीकडे होतो, म्हणून तुला विचारतोय. घाई नाही. सहज आठवलं तर कळव.

आईचा गुडघा कसा आहे? तिला माझा पापा दे.

तुझा
जिल्बेर्तु


सॅन फ्रान्सिस्को
२ मार्च १९८६

ओदेत,

इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि पहिलंच वाक्य ऐकलं ते असं: "तुला सगळं कळलंय, आणि तू मला पायऱ्यांची चौकशी करतोस?"

मी फोनवर 'नाही गं, तसं नाही' म्हणालो. तसंच होतं.  तोंडावर बोलता आलं नाही ते आता लिहितो.

वेन टॉलिव्हरची 'अनवाणी भूगोल' ही कादंबरी मी वर्षानुवर्षं शिकवतोय. त्यातलं पुंता रोहा नावाचं गाव मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आहे असं तो लिहितो, आणि माझ्यासारखे लोक ते तिथं शोधून थकले. जानेवारीत टॉलिव्हरबरोबर तेव्हा भटकलेल्या सोबत्याच्या बायकोनं मला ओकलंडला बोलावलं. तिच्याकडे एक फोटो होता. हाडांच्या कमानीखाली दोन मुलं उभी, केस वाऱ्यानं उडालेले. मागं एक बाई, हातात सूप वाढायचा डाव. ती आई होती.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. पुंता रोहा मेक्सिकोत नाही, पुंता रोहा म्हणजे आपलं घर, आणि ते मीच शोधलं. येताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो. घरी येऊन ते प्रकरण काढलं, 'म्हाताऱ्याची होडी'. पहिलं पान संपायच्या आत माझं हसू गेलं.

तुला ते प्रकरण पाठ असेल. तरी लिहितो, कारण आजवर मी ते जसं वाचत आलो तसं मला पुन्हा वाचायचं नाही. उत्सवाचं सूप पोटभर खाऊन दोन मित्र पहाटे समुद्रावर जातात. घरातली मुलगी त्यांना हसत वल्ही काढून देते. दोरीची गाठ सुटत नाही, म्हणून ते पाव कापायच्या सुरीनं दोरी कापतात. खडकापर्यंत जाऊन परत येतात, उथळ पाण्यात उड्या टाकतात आणि होडीला परत समुद्राकडे ढकलून देतात. जा, तूही मोकळी हो, म्हणतात. तेवढ्यात म्हातारा अंतर्वस्त्रातच शिव्या देत धावत येतो आणि होडीमागं पाण्यात उडी घेतो. टकल्या सीलसारखा पोहत जातो. हे दोघं कड्यावरून बघत पोट धरून हसतात आणि हमरस्त्याला लागतात. प्रकरण तिथं संपतं. म्हातारा परत आला की नाही, ते त्यांनी वळून बघितलंच नाही.

दर शनिवारी मी हे प्रकरण वाचून दाखवतो. सगळ्यांत जास्त हशा त्यालाच मिळतो.

आणि १९६५चा नाताळ. कॉलेजातून मी ते पुस्तक तुझ्यासाठी आणलं होतं. जेवणाच्या टेबलावर मी हेच प्रकरण मोठ्यानं वाचलं. आईला ते इंग्रजी काही कळत नव्हतं, पण मी हसतोय म्हणून तीही हसत होती. तू उठून गेलीस. शहरात शिकलेला भाऊ तुला शिष्ट वाटतो, एवढाच अर्थ मी काढला, आणि वीस वर्षं त्याच समजुतीत राहिलो.

आता तू फोनवर जे सांगितलंस ते. वल्ही तू दिलीस. सतरा वर्षांची होतीस, पाहुण्यांनी मागितली. सकाळी बाबा होडीमागं बुडाल्यावर तू खाली गेलीस, तेव्हा खांबाला कापलेल्या दोरीचा तुकडा गाठीसकट तसाच होता. वल्ही कुणी दिली हे कुणी विचारू नये म्हणून तो तू काढलास आणि शेगडीत जाळलास. मग गावानं ठरवलं की उत्सवाची वाईन सेराफिमला, आपल्या बाबांना, उतरली नव्हती, त्यानं गाठच नीट मारली नाही. आईनंही तेच मानलं. तू गप्प राहिलीस.

तू म्हणालीस, "आईला हे कळता कामा नये. ती आता ऐंशीच्या घरात चालली. तुझ्या पुस्तकात घराचं नाव आलं तर तू माझा कुणी नाहीस."

मी शब्द दिलाय. घराचं नाव येणार नाही.

जिल्बेर्तु


सॅन फ्रान्सिस्को
२७ एप्रिल १९८६

प्रिय ओदेत,

तुझ्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी कळवतो. पुस्तक अजून व्हायचंय, पण एका मासिकात माझा छोटा लेख आला आहे. त्यात पुंता रोहा मेक्सिकोत नसून आपल्या किनाऱ्यावर आहे, एवढंच आहे. आपलं आडनाव नाही. बाबांचं काही नाही. त्यांचं काय झालं त्याबद्दल एक अक्षरही नाही.

गावाचं नाव मात्र आलं, आणि एक छोटा नकाशाही. 'ती वल्ही देणारी मुलगी आजही त्याच घरात राहते' असं एक वाक्य शेवटी आहे. संपादकाला लेखाचा शेवट जरा जिवंत हवा होता. छापून आल्यावर मीही दचकलो. पण ते मासिक वाचतं कोण? माझ्यासारखे चार-दोन मास्तर. टोरो कोव्हला ते कुणाच्या हाती लागणार?

फोन केला होता. तू उचलला नाहीस, आईनं उचलला. ती म्हणाली, "उत्सवाला ये की. मोठं पातेलं उचलायला माणूस नाही." यायचं होतं, पण परीक्षा आहेत.

जिल्बेर्तु


टोरो कोव्ह
८ जून १९८६

ओदेत,

हे पत्र टर्लॉकला, तुझ्या मैत्रिणीच्या, फातिमाच्या पत्त्यावर पाठवतोय. फातिमा फोनवर म्हणाली, "ती आहे, जेवते, पण तुझ्याशी बोलायचं नाही म्हणते." ठीक आहे. बोलू नकोस.

मी घरी आलोय. त्या दिवशी काय झालं ते मला आईकडूनच कळलं, आणि तिनं ते असं सांगितलं की जणू हवापाण्याची गोष्ट. उत्सवाच्या दिवशी नऊ-दहा परकी माणसं आली, बरीचशी विद्यार्थी. हातात मासिकाचं कापलेलं पान. उत्सवाचं सूप कुणालाही देतात, म्हणून आईनं त्यांना बसवलं, पाव ठेवला, वर पुदिना घातला. त्यांच्यात सांताक्रूझची एक मुलगी होती, तिला पोर्तुगीज येत होतं. तू पातेलं घेऊन आलीस तेव्हा ती चक्क उठून उभी राहिली आणि तुझा हात धरून म्हणाली, "तुम्हीच ना त्या? त्या दोघांना वल्ही देणाऱ्या?"

आई म्हणाली, "कुठली वल्ही?"

त्या पोरीनं मनापासून, हौसेनं सगळं सांगितलं. गोष्टच मजेदार आहे, तिला काय ठाऊक. दोरी कापली, होडी ढकलली, म्हातारा पोहत गेला. आई म्हणते, "सांगताना ती इतकी गोड हसत होती की मला तिला थांबवता आलं नाही."

मग आईनं तुझ्याकडं बघितलं. तू पातेलं खाली ठेवलंस, एप्रन काढलास आणि घरात जाऊन पिशवी भरलीस.

माझ्या मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी होती. ते शेवटचं वाक्य संपादकानं घातलेलं नाही. त्यानं तर 'हे हवंच का?' असं मला विचारलं होतं. मी हवं म्हणालो. नकाशाही मीच काढून दिला. आणि उत्सव कधी असतो, तेव्हा कुणालाही सूप मिळतं, हेही मीच लिहिलं होतं. ते तुला कळवायचं टाळलं.

का? कारण मी ते शोधलं होतं. इतक्या लोकांनी शोधलं आणि सापडलं मला. तुला दिलेला शब्द मला आठवत होता. टंकलेखन यंत्रापुढं बसलो तेव्हाही आठवत होता. पण ते वाक्य छान होतं. लेखाचा शेवट त्यानं छान होत होता.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तुझा फोन झाला त्याच्या पुढच्या शनिवारी मी फेरी नेली. लोक म्हणाले, ते होडीचं वाचा ना. मी वाचलं. हशा येतो त्या जागी सवयीनं थांबलो. हशा आला. घरी जाऊन ओकलो, पण त्याआधी हशा येईपर्यंत थांबलो होतो.

फेऱ्या आता बंद केल्यात. तसं मी तुला मोठेपणासाठी सांगत नाही. आता ते बंद करण्यात मोठेपणा कसला?

आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलते आहे. जेवायला वाढते. काही विचारत नाही. तिच्यासमोर बसवत नाही मला.

जिल्बेर्तु


टोरो कोव्ह
१५ जून १९८६

ताई,

काल दुपारी जेवण झाल्यावर आई म्हणाली, "ते पुस्तक आणलंयस का?"

आणलं होतं. कशाला आणलं होतं कुणास ठाऊक.

"वाच. पोर्तुगीजमध्ये करून सांग. त्या पोरीनं मजा मजा सांगितली. मला आहे तसं ऐकायचंय."

मी म्हणालो, "आई, नको."

"तू एवढी वर्षं लोकांना वाचून दाखवतोस ना? मग मला का नको?"

मी टेबलाशी बसलो. ती समोर बसली, हात मांडीवर. सूपवाला भाग आला तेव्हा तिनं मान हलवली. "आठवतात मला. एकाच्या बुटाचा तळवा सुटला होता. मी त्याला बाबांचे मोजे दिले." पुस्तकात मोजे नाहीत, ताई. पुस्तकात आई जाडी आहे, दात पडलेली आहे आणि सूप पातळ आहे. मी ती दोन वाक्यं गाळली. तिला लगेच कळलं.

"गाळू नकोस."

"काही नाही, वर्णन आहे नुसतं."

"कुणाचं? माझं? मग वाच की. मी काय लाजणार आहे आता?"

मी वाचलं. ती म्हणाली, "सूप पातळ नव्हतं."

ज्या वाक्यांवर मला आजवर हशा मिळत आला, ती आपल्या भाषेत आईला सांगताना त्यांत हसण्यासारखं काही उरेना. शब्द तेच होते. 'म्हातारा' म्हणालो तर ती म्हणाली, "म्हातारा? त्रेचाळिसाव्या वर्षी गेले ते." म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. 'टकल्या सीलसारखा' म्हणायची वेळ आली तेव्हा पेला जवळ ओढला. मी पाणी प्यायलो. ती थांबली. मग मी ते म्हणालो.

"टक्कल नव्हतं त्यांना," ती म्हणाली. "ओले केस डोक्याला चिकटले असतील. लांबून तसं दिसलं असेल त्या पोरांना."

एवढंच. त्या दोघांना ती समजून घेत होती की काय, मला कळेना.

प्रकरण संपलं. मी पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "ते गाठीचं परत वाच."

मी वाचलं. गाठ इतकी घट्ट होती की दोघांच्या नखांना जुमानेना, म्हणून सुरी काढली.

"परत."

परत वाचलं.

"म्हणजे ह्यांनी गाठ बांधली होती."

"हो, आई. नीट बांधली होती."

तिनं टेबलक्लॉथवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी त्यांच्या थडग्यावर जाऊन भांडलेय रे. फुलं ठेवायची आणि भांडायचं. एक गाठ मारता आली नाही तुम्हाला, म्हणायचे. दोन पोरं टाकून गेलात एका गाठीपायी. आणि तुला काय म्हणायचे? बापासारखा निष्काळजी होऊ नकोस. लहानपणापासून."

 

मग तिनं मान वर केली. "पण दोरी कापली तर तुकडा खांबाला राहायला हवा. मी त्याच सकाळी खाली गेले होते. खांबाला काही नव्हतं."

ताई, मी तुझं नाव घेतलं नाही. माझ्या हातून एवढीच एक गोष्ट धड झाली, आणि तीही फुकट गेली. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "ओदेतनं काढला." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "त्या दिवशी शेगडीला कसला तरी वास येत होता. डांबराचा, होडीच्या दोरांना असतो तसा. मला वाटलं, समुद्राचाच येतोय, सगळीकडं तोच भरलाय."

ती उठली. भांडी आत नेली. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बस तू." नळ सुरू होता. आतूनच तिनं विचारलं:

"लोक हसायचे का?"

"हो."

"तूही?"

"हो, आई. मला तेव्हा माहीत नव्हतं."

"आणि कळल्यावर?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तिला कळलंही नसतं. "एकदा," मी म्हणालो. "कळल्यावर एकदा वाचलं."

नळ बंद झाला. ती हात पुसत दारात आली. मला वाटलं होतं ती रागवेल. "मीही हसले होते," ती म्हणाली. "त्या नाताळात. तू वाचत होतास, तुझा चेहरा इतका खुलला होता. म्हटलं, काहीतरी चांगलंच असणार. या इथं बसून मी हसले."

ताई, मला कुणी थोबाडीत मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्याकडं बघू शकलो नाही, आणि अजूनही ती खोलीत आली की मी खिडकीकडं बघतो. तिनं मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, माझ्यासाठी म्हणेल, आणि ते मला नकोय.

मासिकाला मी लिहिलं. अंक परत घेता येत नाहीत, असं उत्तर आलं. पुस्तकातून ते प्रकरण काढलंय, पण नकाशा लोकांकडं गेलाय तो गेलाय. आज सकाळी फाटकाशी एक जोडपं उभं होतं. मी बाहेर जाऊन त्यांना घालवून देणार होतो, म्हणालो की कमानच उतरवतो, म्हणजे कुणाला घर ओळखू यायचं नाही. आई म्हणाली, "कमान तुझ्या आजोबांनी लावलीय, तिला हात लावू नकोस. कुणी आलं तर मी बोलेन." आणि खरंच गेली. काठी टेकत फाटकापर्यंत. ते दोघं अदबीनं ऐकत होते. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं त्यांना काय सांगितलं ते मला अर्धवट ऐकू आलं. "पुस्तकात नाही, मी सांगते. माणूस परत आला नाही. नाव सेराफिम. गाठ चांगली होती." त्या बाईनं तोंडावर हात ठेवला. मग आईनं त्यांना पाणी हवं का विचारलं.

आता तुझ्याबद्दल. आज चर्चहून आल्यावर आईनं मला कागद घ्यायला सांगितला. तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, एक शब्द बदलत नाही. पुन्हा ती चूक करायची नाही मला.

"तिला लिही की वल्ह्यांचं मनात ठेवू नकोस. त्या पोरांनी मला मागितली असती तर मीही दिली असती. पाहुणे होते, आपल्या घरचं जेवले होते. पण दोरीचं मला सांगायला हवं होतं. सतरा वर्षांची होतीस तेव्हा घाबरलीस, ते कळतं. तिशीत सांगायचं होतं. चाळिशीत सांगायचं होतं. रोज माझ्यासमोर बसून कॉफी घेत होतीस. माझा नवरा गावात दारुडा ठरला आणि मीही त्याला तेच म्हणत राहिले. ह्याचा मला राग आलाय आणि तो जाणार नाही एवढ्यात. तेव्हा तिला म्हणावं, ये. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि पत्रात मला भांडता येत नाही."

एवढं सांगून ती थांबली. मी विचारलं, अजून काही? ती म्हणाली, "गुरुवारी माशांची गाडी येते, तिला काय आणून ठेवू ते विचार."

मी बुधवारी शहरात परत जातोय. तू येशील तेव्हा मी इथं नसेन, त्यामुळं माझ्यासाठी येणं टाळू नकोस. मागच्या खोलीतली तुझी गादी आईनं उन्हात टाकलीय. ती एकटीला उचलवत नव्हती. दुसरं टोक मी धरलं.

जिल्बेर्तु